टोलवाला अजून जिवंत आहे

पहलवानाने माझ्या वाट्याचा सहावा लांडगा मारला तेव्हा मी हातातला कंट्रोलर सोफ्यावर आपटला.

"अरे, एक तरी ठेव की माझ्यासाठी!" मी टीव्हीवर ओरडले.

स्वयंपाकघरातून चंद्रकांत धावत आले. मुठीत मटारच्या शेंगा तशाच. "काय झालं? पडलीस का?"

"पडले नाही. बसलेय. बसल्या जागी कशी पडेन?"

"मग ओरडलीस का?"

"ह्या मेल्यावर. लांडगा माझ्या अंगावर येतोय, मी तलवार उपसतेय, आणि हा मध्येच कडमडतो. माझा अंगठा हलेपर्यंत लांडगा आडवा झालेला असतो."

चंद्रकांत टीव्हीकडे बघत उभे राहिले. पडद्यावर बर्फाचं जंगल, बर्फात सहा मेलेले लांडगे आणि मधोमध दाढीवाला, कुऱ्हाडवाला पहलवान छाती फुगवून उभा. त्याच्या मागे चिलखत घातलेली, गुडघ्यापर्यंत केस असलेली एक तरुण मुलगी. ती मी. माझ्या लेकीने तिचं नावही कांचनच ठेवलंय.

"चांगलंय की मग," चंद्रकांत म्हणाले. "काम झालं ना?" आणि खाली वाकून त्यांनी माझ्या पायाजवळचं टीपॉय हातभर मागे सरकवलं, मी उठताना मला लागू नये म्हणून. मी उठणार नव्हतेच.

जूनमध्ये एका सकाळी आमटी ढवळताना माझ्या हातातून डाव निसटला. उचलायला गेले तर हात माझं ऐकेना. अर्धांगाचा झटका. पुढचं सगळं हॉस्पिटलमध्ये. जीभ तीन आठवड्यांत ताळ्यावर आली, पाय दोन महिन्यांत. उजवा हात मात्र अजून रुसलेला. त्यातही अंगठा. बाकीची बोटं निदान सांगितलेलं ऐकतात, अंगठा विचार करत बसतो.

मी इथे लखनौला, निशातगंजच्या एका बँकेत अधिकारी आहे. बावीस वर्षं माझं मुख्य काम सह्या तपासायचं. समोरच्या कागदावरची सही आणि आमच्याकडच्या कार्डावरची सही, दोन्ही शेजारी ठेवून बघायच्या. "सिग्नेचर नहीं मिल रहा, दोबारा कीजिए," हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोलले असेन तितक्या वेळा कुणाला नमस्कारही केला नसेल. आणि आता माझीच सही मला येत नव्हती. एक डिसेंबरला, सोमवारी, माझी रजा संपत होती. निवृत्तीला दोन वर्षं बाकी आहेत. डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं होतं. मला माझ्या टेबलावर परत जायचं होतं, आणि त्या टेबलावर सही केल्याशिवाय बसता येत नाही.

फिजिओथेरपीला नाहीद यायची. पंचविशीतली पोरगी, अलीगंजहून स्कूटीवर येते, बोलणं असं की शिक्षासुद्धा आमंत्रणासारखी वाटावी. "आंटी, ज़रा अंगूठे को तकलीफ़ दीजिए," म्हणून मऊ रबरी चेंडू दाबायला लावायची. चेंडू दाबून दाबून मी कंटाळले. दोनशे वेळा चेंडू दाबला की पुढे काय, तर आणखी दोनशे वेळा. हे मी बेंगळुरूला लेकीला, अंतराला, फोनवर सांगितलं, आणि आठवड्याभरात तिने स्वतःचा जुना गेम खेळायचा डबा पाठवून दिला. वर लांबलचक इंग्रजी नावाचा हा एक गेम, राक्षस-जादू-तलवारींचा. उजव्या अंगठ्याखाली चार बटणं, तर्जनीखाली एक खटका. एक बटण वार करायचं, एक ढाल धरायचं, एक लोळण घेऊन वार चुकवायचं, एक औषध प्यायचं. नाहीदने कंट्रोलर उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "बहुत ख़ूब. अंगूठा जितना चिढ़ेगा, उतना चलेगा."

अंगठा चिडला की नाही माहीत नाही. मी मात्र पहिल्या दिवसापासून चिडले.

"मम्मा, बता ना, कॉम्बैट कैसा लगा?" अंतराने व्हिडिओ कॉलवर विचारलं. जन्म लखनौचा; मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीतून.

"मारामारी ना? मारामारी म्हणजे काय गं, शत्रू एकेक करून येतात. बाकीचे रांगेत उभे. आमच्या बँकेत इतकी शिस्त नाही. आणि मी लोळण घेते ती दर वेळी नदीत. डावीकडे लोळ म्हटलं तरी नदीत, उजवीकडे लोळ म्हटलं तरी नदीत. वार लागला की लोकांच्या डोक्यावर आकडे उडतात, ते कशासाठी?"

"डैमेज है यार वो. और कंपैनियन्स? वो तो क्यूट हैं ना?"

"क्यूट? त्या तिघांना आधी काढून टाक."

तिघे म्हणजे गेमने माझ्या गळ्यात बांधलेले सोबती. त्यांची खरी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी आपली नावं ठेवली. पहिला हा पहलवान. शत्रू दिसला की "मागे व्हा, मी बघतो!" असं इंग्रजीतून गर्जून पुढे धावणार आणि सगळ्यांना मारून मोकळा. दुसरा एक म्हातारा, पांढरा झगा, हातात काठी. त्याला मी भटजी म्हणते. मला साधं खरचटलं तरी हा हिरवा उजेड पाडून मंत्र म्हणतो, आणि मंत्र संपेपर्यंत मला जागचं हलता येत नाही. शत्रू समोर उभा, आणि मी उजेडात अडकलेली. तिसरी धनुष्यबाणवाली, टोकदार कानांची. ती नकचढी. लढाईत ती फारशी पडत नाही, झाडाला टेकून शेरे मारते. मी पहिल्यांदा तलवार उपसली तेव्हा ती म्हणाली होती, "गोगलगायीसुद्धा यापेक्षा लवकर तलवार उपसतात."

खरं सांगायचं तर मला त्या तिघांत तीच बरी वाटली. जूनपासून माझ्याशी कुणी वाईट बोललं नव्हतं. शेजारच्या मिश्राइन, ज्यांच्याशी माझं पाण्याच्या मोटरीवरून दहा वर्षं वाकडं, त्यासुद्धा खीर घेऊन आल्या आणि माझा गाल कुरवाळून गेल्या. साताऱ्याहून फोन यायचे ते लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात. सगळी दुनिया गोड झाली होती आणि मला त्या गोडाचा वीट आला होता. नकचढीचं बोलणं ऐकलं की निदान आपण माणसात आहोत असं वाटायचं.

गोड होण्यात आमचे हे सगळ्यांच्या पुढे. चंद्रकांत रेल्वेत सिग्नल खात्यात होते. चौतीस वर्षं गाडी यायच्या आधी पुढची लाइन मोकळी आहे ना हे बघायचं, आणि मगच हिरवा दिवा. निवृत्त झाले, पण ती सवय नाही गेली. माझ्या आजारपणात तिला नवा रूळ मिळाला. मी बाथरूमकडे निघाले की हे पुढे जाऊन दार उघडून उभे. मी संत्र्याकडे नुसतं पाहिलं की फोडी ताटलीत. वर्तमानपत्राचं पान मी उलटायचं ठरवेपर्यंत उलटलेलं. एकदा मी शिंक येणार म्हणून तोंड वाकडं केलं तर रुमाल नाकासमोर. "तू राहू दे, मी बघतो," हे दिवसातून शंभर वेळा. पहलवान आणि हे एकाच शाळेत शिकलेत अशी माझी खात्री पटत चालली होती.

आणि ह्यांच्यावर नीट ओरडताही येत नाही. साडेपाच महिने ह्या माणसाने माझी वेणी घातली आहे. वाकडी घालतात, पण घालतात.

गेममध्ये जंगल संपलं की एक दगडी पूल लागतो. पुलावर एक राक्षस बसलेला असतो, तीन माणसं उंच, खांद्यावर झाडाचं खोड. कुणालाही पलीकडे सोडत नाही. मी त्याला टोलवाला म्हणते. पुलावर वाट अरुंद, म्हणून पहलवानाला पुढे घुसता येत नाही. म्हणजे इथे मला स्वतःलाच लढावं लागणार. मला आनंदच झाला. पहिल्या खेपेला टोलवाल्याने मला एका फटक्यात नदीत टाकलं.

"मम्मा, छोड़ ना नौकरी," अंतरा त्या संध्याकाळी म्हणाली. गेमवरून गाडी तिथे कशी आली कळलं नाही, पण तिच्या मनात ते रोजच होतं. "दो साल की तो बात है. वीआरएस ले ले. स्ट्रेस होगा, फिर कुछ हो गया तो?"

"काही होत नाही."

"अच्छा सुन. डील करते हैं. टोलवाले को तू अकेली मार दे, राइट हैंड से, सोमवार के पहले. फिर मैं एक लफ़्ज़ नहीं बोलूँगी. प्रॉमिस."

ती हसत म्हणाली. मी मात्र हसण्यावारी नेलं नाही. चंद्रकांत शेजारीच बसले होते, संत्रं सोलत.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी त्या पुलावर होते. सकाळी अकरा ते साडेबारा, मग जेवण, मग डॉक्टरांनी सांगितलेली झोप, मग पुन्हा पाच ते सहा. टोलवाला डावा पाय उचलतो तेव्हा खोड येतं, हे मला कळत होतं. डोक्याला कळायचं, अंगठ्यापर्यंत निरोप पोचेपर्यंत मी नदीत. पण बुधवारी संध्याकाळी तीनदा लागोपाठ मी लोळण घेऊन वाचले. तीनदा! अंगठा आपणहून हलला. मग चौथ्या फटक्याला गेले, पण नकचढी म्हणाली, "अरेच्चा, जिवंत आहेस की," आणि मी एकटीच सोफ्यावर हसत बसले. त्या रात्री मी एका कागदावर सही करून बघितली. "कां" नीट आला. "चन" आडवा पडला. तरी "कां" आला होता.

गुरुवारी दुपारी चारला मला जाग आली ती फोनच्या टुणटुणाटाने. सासरमाहेरच्या एकत्र ग्रुपवर सत्तावीस निरोप. थोरल्या जाऊबाईंचं "अभिनंदन कांचन!!", भाच्याचे टाळ्यांचे हात, साताऱ्याच्या काकांचं "जिद्दीला सलाम". मला वाटलं कुणाचा तरी वाढदिवस चुकून माझ्या नावावर पडला. तेवढ्यात अंतराचा फोन.

"मम्मा! तूने मार दिया! मेरे फ़ोन पे नोटिफ़िकेशन आया, तीन बारा पे! आय ॲम सो प्राउड! मैंने सबको बता दिया. और देख, मैं अब कुछ नहीं बोलूँगी, तू जा ऑफ़िस, मेरी तरफ़ से ओके!"

तीन बाराला मी पांघरुणात होते.

मी फोन ठेवला. उठले, टीव्ही लावला, गेम सुरू केला. चिलखतवाली कांचन पुलाच्या पलीकडे उभी होती. मागे टोलवाला आडवा पडलेला, झाडाचं खोड शेजारी. पहलवानाने कुऱ्हाड उंचावून जयघोष केला. भटजीने आशीर्वाद दिला. आणि नकचढी झाडाला न टेकता सरळ माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "मी तुला कमी लेखलं होतं. आज तुझा हात बघण्यासारखा होता."

सहा महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं. हॉस्पिटलमध्ये आलं नव्हतं.

चंद्रकांत दूध घेऊन आले तेव्हा मी तशीच बसले होते. पडद्याकडे बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"अहो, हे काय केलंत?"

"कांचन, अगं..."

"तीन बाराला काय केलंत तुम्ही?"

ते खुर्चीत बसले. मग उठून टीव्हीखालच्या खणातून त्यांनी आपली डायरी काढली आणि माझ्यापुढे धरली, गुन्हेगार पुरावा देतो तशी. नोकरीत असताना ते असंच लिहायचे, मुद्दे घालून. "डावा पाय उचलतो. दोन सेकंद. उजवीकडे लोळणे." "गुडघ्यावर बसतो तेव्हाच वार. एरवी निष्फळ." "उजवीकडे नदी आहे, सावध." आणि खाली उभ्या रेघा. एकेक मरण एकेक रेघ, पाचपाचचे गठ्ठे बांधून. मी मोजल्या. एकतीस. तीन दुपारी, मी झोपले असताना, टीव्हीचा आवाज बंद करून हा माणूस एकतीस वेळा नदीत पडला होता.

मला राग आला, त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

"तू रोज हरायचीस," ते म्हणाले. "बघवत नव्हतं मला. म्हटलं एकदा मोकळा करून ठेवू. तू पुढे जाशील."

"मला पुढे जायचं नव्हतं! मला त्याला मारायचं होतं!"

"तेच ना. मेला की."

"अहो, कुणी मारला?"

मग, आपली बाजू सावरावी म्हणून की आणखी एक चांगली बातमी द्यावी म्हणून कोण जाणे, ते म्हणाले, "हे बघ, तू सोमवारची काळजीच करू नकोस. श्रीवास्तवसाहेबांशी मी बोलून ठेवलंय. ते म्हणाले, भाभीजींना सही करायची गरजच नाही. हजर झाल्याच्या अर्जावर अंगठा चालतो. स्टॅम्पपॅड तयार ठेवतील. आणि तुझं टेबल त्या नव्या मुलीकडेच राहील, तू पुढे दाराजवळ बसायचं. कोणता काउंटर कुठे, ते लोकांना सांगायचं. आरामात दोन वर्षं निघतील."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अंगठा! बावीस वर्षं मी त्या बँकेत लोकांच्या सह्या बघितल्या. थरथरत्या हाताच्या पेन्शनवाल्या आजोबांना मी सांगितलं आहे, घाई नाही बाबूजी, दुसरा कागद घ्या, पुन्हा करा, अंगठ्यावर जाऊ नका. त्यांच्यातल्या काहींना माझा राग येत असेल. माझ्या त्याच टेबलासमोर आता मी शाईत अंगठा बुडवायचा, तोही हा, जो गेले सहा महिने मला छळतोय.

"तुम्ही आमच्या मॅनेजरना कधी विचारलंत?"

"दिवाळीतच."

"आणि मला?"

"तुला त्रास नको म्हणून."

"मला एक सांगा. चौतीस वर्षं तुम्ही सिग्नल दिलात. कधी इंजिनात चढून म्हणालात का ड्रायव्हरला, तू ऊठ, तुझ्याऐवजी मी नेतो?"

"असं कसं चालेल?" ते खरोखर दचकून म्हणाले.

"मग ऊठ म्हणू नका मला!"

दूध पिशवीतच राहिलं. त्या संध्याकाळी आमच्याकडे चहा झाला नाही.

मी डाव्या हाताने फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं, एकेक अक्षर शोधत: "टोलवाल्याला मी मारलं नाही. हे होते. माझं अभिनंदन परत घ्यावे." मग साताऱ्याच्या काकांचं उत्तर आलं, "तरीही अभिनंदन." काय बोलणार ह्या लोकांना!

अंतराचा लगेच फोन. "पापा ने? सीरियसली? पापा को तो टीवी का रिमोट नहीं चलता यार!"

"तुझं प्रॉमिस रद्द," मी म्हटलं. "आणि मी सोमवारी तरीही जाणार आहे. आता मला एवढंच सांग, ह्याला पुन्हा जिवंत कसा करायचा?"

तिने सांगितलं. गेम आपल्या मागच्या जागा जपून ठेवतो, यादीतून बुधवारची निवडायची. मी निवडली. टोलवाला उठून पुलावर बसला, खोड खांद्यावर. त्याला बघून मला बरं वाटलं. मग मी तिला आणखी एक विचारलं, आणि तिने तेही दाखवलं: डावीकडचं बटण दाबून धरलं की सोबत्यांना "थांबा" सांगता येतं. तीन आठवडे हे बटण तिथेच होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिघांना जंगलाच्या कडेला थांबवून एकटी पुलावर गेले. पहलवान तिथूनच "मी येऊ का? मी येऊ का?" करत होता.

शुक्रवार, शनिवार, रविवार. अकरा ते साडेबारा, पाच ते सहा. चंद्रकांत पहिल्या दिवशी गच्चीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी दारात उभे राहून बघू लागले, आणि टोलवाल्याने डावा पाय उचलला की त्यांच्या तोंडून "हं!" निघायचं. मी वळून बघितलं की गप्प. रविवारी ते खुर्चीत बसले, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. मी पडले की त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू तेच पाण्यात गेले. पण हात बाहेर काढले नाहीत. ती त्यांची लढाई होती आणि तीही सोपी नव्हती, हे मला दिसत होतं. तरी मी त्यांना शाबासकी दिली नाही. माझा राग अजून जिरला नव्हता.

रविवारी सहाला टोलवाल्याची ताकद निम्म्यावर आणली आणि मग गेले. रात्री दोघं मटारभात जेवलो. टोलवाला अजून जिवंत होता.

सोमवारी सकाळी साडेनऊला आम्ही ई-रिक्षाने निशातगंजला निघालो. एकटीने रिक्षा करायची डॉक्टरांची परवानगी नाही, म्हणून चंद्रकांत सोबत. धुकं होतं. उतरताना त्यांचा हात सवयीने पुढे आला आणि मध्येच थांबला. मी दांड्याला धरून स्वतः उतरले. जरा वेळ लागला. रिक्षावाला म्हणाला, "आराम से, माताजी," आणि मी त्याच्याकडे असं बघितलं की तो सुट्टे पैसे मोजायला लागला.

बँकेत सगळे उभे राहिले. श्रीवास्तवसाहेबांनी समोसे मागवले होते. "आइए, आइए कांचन मैडम! आपके बिना तो ब्रांच सूनी थी." त्यांच्या टेबलावर अर्ज छापून तयार, शेजारी स्टॅम्पपॅडचं झाकण उघडं. शाई चमकत होती.

"सर, यह बंद कर दीजिए, सूख जाएगा," मी म्हटलं. "मुझे सिग्नेचर कार्ड चाहिए. नया."

"मैडम, उसकी ज़रूरत..." त्यांनी मान वळवून चंद्रकांतांकडे बघितलं. चंद्रकांत ग्राहकांच्या खुर्च्यांत बसले होते, हातात कुणीतरी दिलेला टोकनचा कागद. ते छताकडे बघायला लागले.

सह्यांचं टेबल आता वेदिका त्रिपाठीकडे. तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागली तेव्हा तिला सह्या बघायला मीच शिकवलं होतं. तिने उठून मला आपली खुर्ची द्यायला सुरुवात केली. मी ग्राहकाच्या खुर्चीवर, तिच्या समोर बसले. नव्या सहीच्या कार्डावर तीन चौकोन असतात, एकाखाली एक. तिन्हीत तीच सही, आणि तिन्ही एकमेकींशी जुळायला हव्यात. तेवढाच नियम.

पहिली केली. "कां" उभा राहिला. "चन" आला, जरा खाली घसरून. पेन बोटांत फिरला, मी थांबले, पुन्हा धरला. दुसरी केली. हॉलमध्ये टोकनचा यांत्रिक आवाज तेवढा नंबर पुकारत होता आणि ज्याचा नंबर तो उठत नव्हता. तिसरीपर्यंत अंगठा दमला. तो दमला की विचार करायला लागतो. शेवटची रेघ मी ओढली ती चौकोनाच्या बाहेर गेली.

पेन ठेवला. घाम आला होता. घड्याळात बारा मिनिटं गेली होती.

वेदिकाने कार्ड दोन्ही हातांनी उचललं, नुसतं पाहिलं आणि हसली. तिचे डोळे भरले होते. "हो गया मैडम. बिल्कुल ठीक है. मैं स्कैन कर देती हूँ." मागे कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. श्रीवास्तवसाहेब समोशाची बशी घेऊन पुढे आले.

"ज़रा दिखाओ," मी म्हटलं.

कार्ड घेतलं, टेबलावर सरळ ठेवलं आणि बावीस वर्षं बघत आले तसं बघितलं. आधी पहिली आणि दुसरी. मग दुसरी आणि तिसरी. मग पहिली आणि तिसरी. बोट ठेवून.

"तीसरी पहली से नहीं मिल रही, वेदिका."

"मैडम, आप ही की तो है. हम सब देख रहे थे."

"मैंने तुमको क्या सिखाया था? आदमी देखना है कि दस्तख़त?"

ती खाली मान घालून हळूच म्हणाली, "दस्तख़त."

"तो फिर?"

टाळ्या थांबल्या. श्रीवास्तवसाहेब बशी हातात धरून तसेच उभे. खुर्च्यांच्या रांगेतून चंद्रकांत अर्धवट उठले होते. ते परत बसले.

मी ते कार्ड मधोमध फाडलं आणि वेदिकाच्या हातात दिलं.

"दूसरा दो."